सालेआवाची अडवलेली साक्ष

१

फुआतिनो आजीला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण तिचा आवाज आपिया शहरातल्या एका कॉलेजच्या ध्वनिसंग्रहात सुखरूप होता. निदान शुक्रवारी सकाळपर्यंत सगळ्यांची तशी समजूत होती.

सोमवारी जमिनींच्या न्यायालयात सालेआवा गावच्या झऱ्याचा निकाल लागायचा होता. झऱ्याभोवतीची जमीन मोठ्या घराची की धाकट्या घराची, यावरून एकाच वंशाच्या दोन शाखा गेली तीन वर्षं एकमेकींच्या लग्नाला जात नव्हत्या. दोन्ही घरांना मान्य असलेला एकच पुरावा होता. फुआतिनो ही मोठ्या घराच्या मूळपुरुषाची बहीण, आणि धाकट्या घराच्या मूळ बाईचीही बहीण. झरा वडिलांनी कुणाला दिला हे तिनं म्हातारपणी टेपवर सांगून ठेवलं होतं. न्यायाधीशांनी दोन्ही पक्षांना सांगितलं होतं की आधी तुम्ही ऐकून या.

म्हणून शुक्रवारी दोन्ही घरांची माणसं सवाईई बेटावरून पहिल्या बोटीनं आली आणि कानाला यंत्रं लावून संग्रहाच्या वाचन खोलीत बसली. संग्रहपाल इयाकोपोनं फाइलचा क्रमांक दाबला. पडद्यावर दोनच शब्द उमटले : परवानगी नाही.

त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. शेजारच्या गावाची फाइल लावली, ती वाजली. त्याच्या पुढची वाजली. फक्त फुआतिनोच मुकी झाली होती.

खोलीतली सगळी माणसं इयाकोपोकडे बघू लागली, कारण त्याची बायको एमी धाकट्या घराची लेक होती. मोठ्या घराचा मताई, म्हणजे घराण्याचा प्रमुख, तोलेआफोआ नावाचा धिप्पाड माणूस, सावकाश उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कुलूप घालणाऱ्याच्या घरातच किल्ली असते."

 तीस वर्षं या खोलीत काढलेल्या इयाकोपोनं एकेकाच्या कानाचं यंत्र परत घेतलं आणि जागेवर ठेवलं.

२

कॉलेजच्या प्राचार्या सिस्टर मारेता यांनी तेलेसियाला फोन केला. तेलेसिया बंदरावरच्या फेरीबोटींच्या कचेरीत संगणक सांभाळायची. चाळिशी उलटलेली, बोलणं तोडून टाकल्यासारखं, आणि एकदा काम हातात घेतलं की जेवणाखाणाची शुद्ध नसलेली बाई. ती आली तेव्हा तिच्या हातात पानिकेकेची, म्हणजे तळलेल्या गोड गोळ्यांची, तेलकट पिशवी होती. ती तिनं आल्याआल्या इयाकोपोपुढे ठेवली आणि म्हणाली, आधी खा, मग बोलू.

संग्रहाची संगणकवाली लुपे तिला सर्व्हरच्या खोलीत घेऊन गेली. लुपेचं म्हणणं होतं की सर्व्हरच्या पहारेकऱ्यानंच घोळ घातलाय. हा पहारेकरी म्हणजे यंत्राच्या पोटातच बसवलेली सुरक्षा. मालकानं फाइलला परवानगी दिली असली तरी हा वेगळा जाब विचारतो, आणि त्याच्या नियमात बसलं नाही तर खुद्द मालकाच्या प्रोग्रामलाही आत सोडत नाही.

"ताई, त्याला घटकाभर झोपवू या," लुपे म्हणाली. "एक आज्ञा दिली की काम झालं. फाइल वाजेल, ही माणसं ऐकून घरी जातील."

दारात उभ्या असलेल्या सिस्टर मारेतांनाही तेच हवं होतं. दोन्ही घरांचे वकील बाहेर घड्याळं बघत होते, आणि तोलेआफोआनं वर्तमानपत्रवाल्याला फोन लावायची भाषा सुरू केली होती.

तेलेसियानं मान हलवली. पहारेकऱ्याचा स्वभाव तिला चांगला ठाऊक होता. तो खाष्ट असतो, पण लहरी नसतो. अडवतो तेव्हा कुणाला अडवलं आणि का, हे लिहून ठेवतो, आणि लोक ते न वाचताच त्याला झोपवतात. "कुत्रं भुंकतंय म्हणून त्याचं तोंड बांधायचं, आणि कुंपणाकडे बघायचंच नाही, असं होईल ते," ती म्हणाली. "मला आधी कुंपण बघू द्या."

तिनं नोंदी उघडल्या. नकार तिथे स्वच्छ लिहिलेला होता. वाचन खोलीचा प्रोग्राम फुआतिनोची फाइल वाचायला गेला. त्या प्रोग्रामला फक्त 'संग्रह' असा शिक्का असलेल्या फाइली वाचायची मुभा. या फाइलवर शिक्का होता 'घर', म्हणजे एखाद्या वापरणाऱ्याच्या खाजगी फोल्डरचा. म्हणून अडवलं.

तिनं त्याच कप्प्यातल्या बाकीच्या फाइलींचे शिक्के तपासले. एकूण एक 'संग्रह'. तिनं खुर्ची मागे सरकवली.

"फाइलला कुणी कुलूप घातलेलं नाही," ती सिस्टरना म्हणाली. "पण ही फाइल इथली नव्हे. कुणीतरी बाहेरून आणून तिच्या जागी ठेवलीय."

३

सिस्टर मारेतांना समजेना. नाव तेच, क्रमांक तोच, मग बाहेरची कशी? तेलेसियानं त्यांना लेकीसुनांच्या भाषेत सांगितलं. एखाद्या फाइलची नक्कल संग्रहाच्या कप्प्यात केली, तर ती नक्कल त्या घरात जन्मल्यासारखी असते आणि तिला त्याच घराचा शिक्का मिळतो. पण फाइल दुसरीकडे तयार केली आणि मग अख्खी उचलून इथे आणली, तर ती माहेरचं नाव तसंच घेऊन येते. माणसाला फरक दिसत नाही, पहारेकऱ्याला दिसतो. फुआतिनोची मूळ फाइल इतरांसारखीच संग्रहात जन्मली होती. आज तिच्या जागी आहे ती कुणाच्या तरी खाजगी फोल्डरातून उचलून आणलेली.

"आणि माणूस आपलीच फाइल बाहेर नेऊन परत का आणेल?" सिस्टरनी विचारलं.

"मधे तिला काहीतरी केलं असेल तर."

मूळ टेप बघावी तर ती वादळाच्या पुरात तळघरात भिजून कुजली होती. दुसऱ्या इमारतीत रोज जाणारी राखीव प्रत रोजच नवी व्हायची, तीही बदलून गेली होती. आणि फोल्डर कुणाचं हे विचारावं तर संग्रहातली तिघं माणसं एकाच नावानं यंत्रात शिरत. घर कळलं, पण त्यातला माणूस कळला नाही. यावरून तेलेसियानं लुपेला चार शब्द सुनावले, आणि लुपेनं खाली मान घालून ते ऐकून घेतले.

ती तिघं म्हणजे इयाकोपो, लुपे आणि लाउताफी. म्हातारा लाउताफी वक्ता मताई होता. गावोगावच्या सभांत हातात काठी धरून उभा राहिला की भांडणारे गप्प व्हायचे. या संग्रहाचा पायाही त्यानंच घातलेला. तरुणपणी खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून तो बेटं फिरला होता, आणि आता उतारवयात ती बोलणी कागदावर उतरवून देत होता. त्याच्यावर संशय घेणं सिस्टरना पापच वाटलं. ज्यानं हे आवाज गोळा केले तो त्यातला एक कशाला मारेल?

तेलेसिया प्रत्येकाशी एकेकटं बोलली. लुपेला तिनं सहज विचारलं की दुरुस्त केलेली फाइल तू परत कशी ठेवतेस. लुपे पटकन म्हणाली की नक्कल करूनच, आणि घाईत कधी उचलून ठेवलीच तर लगेच शिक्का नीट करते, नाहीतर पहारेकरी बोंबलतो. हे तिच्या तोंडून असं आलं, जसं कुणी सांगावं की मी चपला दाराबाहेर काढते. मग ती स्वतःहून हसून सांगू लागली की लाउताफी मताईंना सुद्धा तिनं सगळं शिकवलंय, लांबलचक ध्वनिफिती कापायला, जोडायला, उचलून ठेवायला. म्हातारा चिकाटीचा आहे, एक गोष्ट दहादा विचारतो.

इयाकोपोकडून फारसं काही निघालं नाही. त्याच्या मनात एकच सल होता. तो म्हणाला, "तोलेआफोआ बोलला त्याचं दुःख नाही. तो बोलणारच. पण लाउताफी तिथेच खिडकीशी उभे होते. असं काही झालं की नेहमी ते मधे पडतात. सकाळी एक शब्द बोलले नाहीत. बाहेर निघून गेले."

लाउताफी स्वतः तोवर घरी गेला होता. तेलेसियानं ठरवलं, त्याच्याकडे जायच्या आधी आजीला ऐकायचं.

४

पहारेकरी वाचन खोलीच्या प्रोग्रामला अडवत होता, यंत्राची देखभाल करणाऱ्याला नाही. शनिवारी सकाळी तेलेसिया सर्व्हरच्या खोलीत एकटी बसली आणि तिनं ती फाइल सुरुवातीपासून लावली.

आजीचा आवाज घोगरा होता. मागे छपरावर पाऊस कोसळत होता. एक तरुण अधूनमधून प्रश्न विचारत होता, आणि तो तरुण लाउताफी आहे हे ओळखायला वेळ लागला नाही. आजीनं आपल्या वडिलांचं सांगितलं, तारोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, वाफ्यांचं सांगितलं, आणि मग झऱ्याचं. झरा वडिलांनी भावाला दिला, असं ती म्हणाली. भावाला, म्हणजे मोठ्या घराला.

तेलेसियानं फीत थांबवली. म्हणजे साक्ष एमीच्या माहेराविरुद्ध जात होती. इयाकोपोनं फाइलला हात लावला असता तर हे वाक्य शिल्लक राहिलं असतं का? आणि मोठ्या घराच्या बाजूचा कुणी असता तर त्यानं आपल्याच फायद्याच्या साक्षीला हात कशाला लावला असता? जमिनीचे शब्द जसेच्या तसे होते. मग बदललं काय?

तिनं पुढे ऐकलं. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला. घरोघर लोक आत जाऊन बसतात आणि रस्ता सुद्धा गप्प होतो, त्या वेळेचा. आजी म्हणाली, "चला, बसा." दुसऱ्यांदा शंख वाजला, तो प्रार्थना सुरू करायचा. आणि त्याच्या पाठोपाठ, एक श्वास घ्यावा इतक्या अंतरानं, तिसऱ्यांदा वाजला, तो प्रार्थना संपल्याचा.

तेलेसिया सवाईईतच वाढली होती. लहानपणी प्रार्थनेत चुळबुळ केली म्हणून आजोबांच्या हातचा मार खाल्लेली. त्या दोन शंखांमध्ये किती वेळ जातो हे तिच्या गुडघ्यांना पाठ होतं. तिनं तेवढा तुकडा पुन्हा लावला, आणि या वेळी शंखाकडे नाही, पावसाकडे कान दिला. दुसऱ्या शंखापर्यंत छपरावर पाऊस धो धो पडत होता. तिसऱ्या शंखाला छपरावर थेंब नव्हता, नुसती पागोळी ठिबकत होती. इतका पाऊस एका श्वासात थांबत नाही.

कुणीतरी अख्खी प्रार्थना कापून काढली होती. जमिनीला नखही न लावता.

 तिनं एकेक धागा ओढून पाहिला. शिक्क्याची चूक लुपेच्या हातून होणार नव्हती. ती त्या शिक्क्यांतच राहत होती. इयाकोपोला कापायचंच असतं तर वेगळं वाक्य कापलं असतं. उरला एक माणूस, जो कापायला आणि उचलून ठेवायला शिकला होता पण पहारेकऱ्याबद्दल काही जाणत नव्हता. प्रार्थना चालू असताना टेप फिरतच होती हे ठाऊक असलेलाही तोच, कारण टेप त्याच्याच मांडीवर होती. आणि शुक्रवारी नेहमी बोलणारा तो बोलला नव्हता.

बाहेर सिस्टर मारेता वाट पाहत होत्या. वकिलांचा पुन्हा फोन आला होता. फाइल आता तरी चालू करता येईल ना, असं त्यांनी विचारलं.

"चालू करणं सोपं आहे, सिस्टर. शिक्का बदलला की वाजेल," तेलेसिया म्हणाली. "पण तशी वाजवली तर न्यायालय अर्धी साक्ष पूर्ण समजून ऐकेल. पहारेकऱ्यानं अडवली नसती तर आपल्याला कधी कळलंच नसतं. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

५

लाउताफीच्या घराला भिंती नव्हत्या, नुसते खांब. म्हातारा मधल्या चटईवर बसून रविवारच्या जेवणासाठी नारळ खवत होता. तेलेसियाला येताना बघून त्यानं नातीला कोको आणायला पाठवलं आणि खवणी बाजूला ठेवली. तेलेसिया रिवाजाप्रमाणे खांबाशी बसली. तिनं आरोप केला नाही. दोन शंख आणि पाऊस, एवढंच तिनं सांगितलं.

लाउताफीनं सगळं ऐकून घेतलं. मग हातावरचा खोबऱ्याचा कीस झटकत म्हणाला, "पावसाचं माझ्या ध्यानात आलं नाही. म्हातारे कान."

मग त्यानं सांगितलं. त्या संध्याकाळी शंख झाला तेव्हा तो घाईघाईनं मांडी घालून बसला आणि टेप बंद करायला विसरला. प्रार्थना आजीनंच सांगितली. ती संपल्यावर तिचं लक्ष फिरणाऱ्या चाकांकडे गेलं. सगळे जेवायला उठल्यावर तिनं त्याचं मनगट धरलं. देवाशी बोलले ते तुझ्याशी बोलले नाही, ते पुसून टाक, असं म्हणाली. त्यानं वचन दिलं. पण परतल्यावर त्याच्यानं ते पुसवेना. मग वर्षं लोटली, टेपा फडताळात गेल्या, त्याच्या फाइली झाल्या, आणि ती टेप कधी कुणी मागितलीच नाही. आता मात्र ती भर न्यायालयात वाजणार होती.

"काय म्हणाली होती ती?" तेलेसियानं विचारलं.

लाउताफी उठला, आतल्या पेटीतून बोटाएवढी एक मेमरी स्टिक काढून आणली आणि ती तिच्यापुढे चटईवर ठेवली. कापलेली प्रार्थना त्यानं फेकली नव्हती. त्याला तेही जमलं नव्हतं.

"ती देवाला म्हणाली की आज मी खोटं बोलले. झरा वडिलांनी धाकटीला दिला, माझ्यासमोर दिला. पण भाऊ खांबाशी बसून ऐकत होता, आणि त्याच्या रागानं घर फुटायला नको म्हणून मी जीभ वळवली."

तेलेसियानं त्या स्टिककडे पाहिलं. ज्या इयाकोपोवर लोकांनी कुलपाचा आळ घेतला, त्याच्या बायकोच्या घराला न्याय देणारे शब्दच या स्टिकवर होते. तो धाकट्या घरासाठी काही लपवत नव्हता. धाकट्या घरापासूनच काहीतरी लपलं होतं.

"बाळ, मेलेल्या बाईला दिलेला शब्द मोडायचा?" लाउताफीनं विचारलं. त्याच्या आवाजात सभेतला ताठा नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"मला ते सांगता येणार नाही," तेलेसिया म्हणाली. "पण खरं सांगायला ती घाबरली ते जिवंत भावाला. तो भाऊ आता नाही. आणि इयाकोपो आहे. तुमचा शब्द राखायची किंमत सध्या तो देतोय."

 नातीनं आणलेला कोको दोघांच्यामध्ये तसाच निवत राहिला.

"फाइल उचलून ठेवली तेव्हा ती अडेल असं मला वाटलंच नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "अडली, आणि आळ दुसऱ्यावर गेला. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. सगळ्या बेटावर बोलत फिरलो, आणि तिथे वाचा बसली." त्यानं मेमरी स्टिक तिच्या हातात दिली. "ही घेऊन जा. शब्द मी दिला होता, तो मी मोडतोय. सोमवारी हे तुझ्या नावावर नको. मी सांगेन."

६

सोमवारी उजाडता उजाडता एमी अंगण झाडायला बाहेर आली आणि केरसुणी हातात धरून जागीच उभी राहिली. घरापुढच्या गवतावर एक माणूस मांडी घालून, खाली वाकून बसला होता. त्याच्या डोक्यावरून अंगभर तलम विणलेली चटई पांघरलेली होती, घराण्याच्या ठेव्यातली, लग्नाकार्याला आणि मयतीलाच बाहेर काढायची. क्षमा मागायला आलेला माणूस असा बसतो. आतल्या लोकांनी बोलावलं तर उठतो, नाहीतर ऊन चढलं तरी तसाच राहतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा राग मोठा असेल तर त्याला मारही खावा लागतो.

इयाकोपो दारात आला. चटईच्या कडेतून बाहेर आलेले ते पाय त्यानं ओळखले. शेजारची माणसं कुंपणाशी जमली होती, पण जवळ कुणी आलं नाही. तेलेसिया रस्त्याच्या पलीकडे उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तिला घरी राहवलं नव्हतं.

इयाकोपो तिथे किती वेळ उभा राहिला कोण जाणे. मग तो पायऱ्या उतरला, गवतावर म्हाताऱ्यासमोर बसला आणि दोन्ही हातांनी चटई उचलून बाजूला केली. दोघं काय बोलले ते कुंपणापर्यंत ऐकू आलं नाही. एमी आत जाऊन चुलीवर पाणी ठेवू लागली.

त्या आधीच, रविवारी जेवणं उरकल्यावर, तेलेसियानं कापलेली प्रार्थना जागच्या जागी जोडून पूर्ण फाइलची नक्कल संग्रहाच्या कप्प्यात केली होती. तिला आपोआप संग्रहाचा शिक्का मिळाला आणि पहारेकऱ्यानं चकार शब्द काढला नाही. लुपेनं तिघांना तीन वेगळी नावं दिली.

न्यायालयात लाउताफी काठीला टेकून उभा राहिला. आपण काय कापलं, का कापलं, आणि इयाकोपोचा यात काडीचा संबंध नव्हता, हे त्यानं साध्या वाक्यांत सांगितलं. मग फुआतिनोला उद्देशून म्हणाला, आजी, मी तुला दिलेला शब्द मोडतोय, माझा हिशेब तू वर करशील. दोन्ही घरांत कुजबुज झाली. न्यायाधीशांनी फाइल लावायला सांगितलं.

आजी बोलली. वडील, तारोचे वाफे, झरा भावाला. मोठ्या घराच्या बाकांवर माना ताठ झाल्या. मग शंख वाजला, दुसरा वाजला, आणि पावसाच्या आवाजात म्हातारीनं प्रार्थना सुरू केली.

प्रार्थना म्हटल्यावर कुणी विचार करत नाही. सबंध खोलीनं डोकी खाली घातली. न्यायाधीशांनी लेखणी ठेवली. तोलेआफोआनं आपले दोन जाड हात एकमेकांत गुंफले आणि डोळे मिटले. आजी देवाला पिकाबद्दल, पोरांबद्दल, आजारी शेजारणीबद्दल सांगत होती. आणि त्याच सुरात तिनं ते सांगितलं. माझी जीभ आज खोटी झाली. बापानं धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून झरा तिला दिला होता. माझं पाप माझ्या घरच्या लेकरांवर घालू नकोस. मग छपरावरचा पाऊस थांबला, आणि तिच्या घरातल्या सगळ्या माणसांनी एका आवाजात म्हटलं, आमेन.

न्यायालयातल्या माणसांनीही म्हटलं. सवयच ती, लहानपणापासूनची.

 न्यायाधीशांनी मोठ्या घराला काही म्हणायचं आहे का, असं विचारलं. त्यांचा वकील उठू लागला, तेव्हा तोलेआफोआनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं आणि स्वतः उभा राहिला. आधी त्यानं मागच्या बाकावरच्या इयाकोपोकडे पाहिलं आणि मान लववली. मग न्यायाधीशांकडे वळला.

"आजीच्या प्रार्थनेला मी आत्ताच आमेन म्हणालो," तो म्हणाला. "आता तिच्याविरुद्ध काय बोलू?"